फेनिल नाकतोडा : लक्षण, अभाव आणि नाम

प्राण्याची नवी जात 'सापडली' असे व्यवहारात म्हटले जाते. परंतु शास्त्राच्या दृष्टीने जात सिद्ध होते ती तिचे नाम व वर्णन प्रसिद्ध झाल्यावरच. जातिवर्णन हे या अर्थाने भाषेचेही कार्य आहे. चार ओळींच्या वर्णनात एक शब्द सैल पडला तर दोन जाती एक ठरतात, किंवा एका जातीच्या दोन होतात. ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेतील एका रंगीत, उडू न शकणाऱ्या नाकतोड्याच्या उदाहरणाने स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या नाकतोड्याचे शास्त्रीय नाम 'डिक्टिओफोरस स्प्यूमान्स' असे आहे.

१

हा कीटक सहा ते आठ सेंटिमीटर लांबीचा, अंगाने स्थूल आणि चालीने मंद असतो. त्याच्या अंगावर बहुधा काळा व तांबडा असे ठळक रंग असतात. त्याला डिवचले असता तो पळत नाही. छातीच्या बाजूंमधून बुडबुड्यांनी भरलेला, दुर्गंधी फेस तो बाहेर सोडतो. रुईच्या जवळच्या नात्यातील चिकाळ वनस्पती तो खातो. त्या वनस्पतींत हृदयक्रियेवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात व ती खाणाऱ्याच्या शरीरात साठू शकतात. भडक रंग ही भक्षकाला दिलेली पूर्वसूचनाच होय. जो प्राणी खाण्यास घातक आहे त्याला लपण्याची किंवा उडून जाण्याची फारशी गरज उरत नाही.

या प्राण्याचे वर्णन प्रथम १७८७ साली कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश पंडिताने प्रसिद्ध केले. लिनीअसचा हा शिष्य १७७२ ते १७७५ या काळात केप प्रांतात राहिला होता. तेथून तो जपानला गेला आणि स्वदेशी परतल्यावर १७८४ मध्ये उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याने या नाकतोड्याला 'ग्रिलस स्प्यूमान्स' असे नाव दिले. 'ग्रिलस' हा शब्द त्या काळी फार व्यापक होता. लिनीअसने १७५८ साली नाकतोडे, टोळ, रातकिडे, इतकेच नव्हे तर प्रार्थनाकीटकही त्याच एका प्रजातीत घातले होते. पुढे ही प्रजाती रातकिड्यांपुरती मर्यादित झाली आणि प्रस्तुत जात 'डिक्टिओफोरस' प्रजातीत गेली. ही प्रजातीही थुनबर्गनेच १८१५ साली स्थापिली होती. आज जातीच्या नामापुढे 'थुनबर्ग, १७८७' ही अक्षरे कंसात लिहितात. त्या कंसाचा अर्थ असा की, मूळ लेखकाने ही जात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती. एवढ्याशा चिन्हात त्या नामाचा सारा इतिहास सामावला आहे.

२

आता वर्णनाचा प्रश्न घेऊ. लक्षण कसे करावे याचा विचार भारतीय न्यायशास्त्राने सूक्ष्मपणे केला आहे. लक्ष्याचा असाधारण धर्म म्हणजे लक्षण. आणि त्याचे दोष तीन : अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव. गाईचे उदाहरण पाठशाळेत सर्वांना परिचित आहे. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटले तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'एक खुराची ती गाय' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

फेनिल नाकतोड्याच्या बाबतीत हे तीनही दोष घडू शकतात. 'काळा-तांबडा तो फेनिल नाकतोडा' असे लक्षण केल्यास ते कपिल गाईप्रमाणेच अव्याप्त ठरते. कारण या जातीचा रंग फार अस्थिर आहे आणि प्रदेशपरत्वे त्याचे प्रमाण व मांडणी बदलते. शिवाय टाचणीवर वाळलेल्या नमुन्याचा रंग कालांतराने उतरतो. म्हणून रंग हा डोळ्यात प्रथम भरणारा धर्म असला तरी वर्गीकरणकार त्याला अखेरचे स्थान देतात.

'उडता न येणारा तो फेनिल नाकतोडा' असे म्हटल्यास अतिव्याप्ती होते. आफ्रिकेत उडू न शकणाऱ्या नाकतोड्यांच्या कितीतरी जाती आहेत. आणि कोणत्याही जातीचे पिल्लू प्रौढ होईपर्यंत उडू शकत नाहीच.

'पंख मुळीच नसलेला' असे म्हटल्यास मात्र असंभव दोष येतो. या जातीच्या प्रौढाला पंख असतात. ते आखूड व उडण्यास निरुपयोगी असतात इतकेच. येथे 'अपक्ष' आणि 'ऱ्हस्वपक्ष' या दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. खऱ्या अर्थाने अपक्ष असे नाकतोडे पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील 'लेंटुलिडी' या कुलात आढळतात. १९५६ साली डिर्श या कीटकशास्त्रज्ञाने हे कुल स्थापिले. या कुलातील प्रौढांना पंखांचा मागमूसही नसतो. पोटाच्या पहिल्या वलयाच्या बाजूस इतर नाकतोड्यांना जे श्रवणपटल असते तेही त्यांना नसते.

३

येथे 'नसणे' या शब्दाचाच विचार प्राप्त होतो. पिल्लाला पंख नसतात आणि लेंटुलिडी कुलातील प्रौढालाही पंख नसतात. परंतु हे दोन अभाव एक नव्हेत. नैयायिकांच्या परिभाषेत पिल्लाच्या ठिकाणी पंखांचा प्रागभाव आहे, म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव. अपक्ष प्रौढाच्या ठिकाणी, त्या व्यक्तीपुरते पाहिल्यास, अत्यंताभाव आहे. वंशाच्या इतिहासाकडे पाहिल्यास मात्र त्याच अभावाला प्रध्वंसाभावाची उपमा देता येईल. कारण या नाकतोड्यांचे पूर्वज सपक्ष होते आणि पंख पुढे नाहीसे झाले. 'पंखरहित' हा एकच शब्द वापरून वर्णनकार मोकळा झाला तर वाचकाला यांपैकी कोणता अभाव समजावा हे कळत नाही. एखाद्या सपक्ष जातीचे पिल्लू नवी अपक्ष जात म्हणून वर्णिले जाण्याचा धोका येथेच उद्भवतो.

हा भेद ओळखण्याची खूण निसर्गानेच ठेवली आहे. नाकतोड्याचे पिल्लू कात टाकत वाढते. शेवटच्या दोन अवस्थांत त्याच्या पाठीवर पंखांचे लहान अंकुर दिसतात. परंतु ते उलटलेले असतात, म्हणजे मागच्या पंखाचा अंकुर पुढच्या पंखाच्या अंकुरावर येतो. प्रौढात क्रम सरळ होतो व पुढचा पंख मागच्या पंखाला झाकतो. म्हणून नमुन्याचे पंख नखाएवढे असले तरी कोणता पंख वर आहे एवढे पाहिले की निर्णय होतो. पंखांची खूणच नसेल तेथे जननेंद्रियांची पूर्णता पाहावी लागते.

फेनिल नाकतोड्याचे कुल 'पिर्गोमॉर्फिडी' होय. 'पिर्गोस' म्हणजे बुरूज व 'मॉर्फे' म्हणजे आकार. या कुलातील अनेक जातींचे डोके पुढे निमुळते असते, त्यावरून हे नाव आले. परंतु निमुळते डोके हेही सर्वव्यापी लक्षण नव्हे. डोक्याच्या अग्रभागी मध्यावर असणारी बारीक खाच व नराच्या जननेंद्रियांची विशिष्ट रचना ही या कुलाची अधिक विश्वसनीय लक्षणे मानतात. भडक रंगाच्या तुलनेत भिंगाखालची ही खाच किती क्षुल्लक दिसते! तथापि कुलाचा निर्णय तीच करते.

४

नामांकडे वळल्यास भाषाभ्यासकाला बराच लाभ होतो. 'स्प्यूमान्स' हे लॅटिन वर्तमानकालवाचक धातुसाधित असून त्याचा अर्थ 'फेसाळणारा'. 'स्पूमा' म्हणजे फेस. हा शब्द आणि संस्कृत 'फेन' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज मानले जातात. लॅटिनने 'स्पूमा'पासून नामधातू केला, संस्कृतने 'फेन'पासून 'फेनायते' असा केला; तेव्हा 'फेनायमान' हे या नामाचे जवळजवळ प्रतिबिंबच होय. विशेषणरूप जातिनामाचे लिंग प्रजातिनामाप्रमाणे बदलते, असा नियम आहे. याच प्रदेशातील 'फिमाटिअस मॉर्बिलोसस' हे नाम स्त्रीलिंगी प्रजातीत गेले असते तर 'मॉर्बिलोसा' झाले असते. संस्कृतात 'गच्छन्, गच्छन्ती, गच्छत्' अशी तीन रूपे होतात. लॅटिनमधील या धातुसाधिताचे प्रथमेचे एकवचन मात्र तीनही लिंगांत एकच असते. त्यामुळे 'स्प्यूमान्स' कोणत्याही प्रजातीत गेले तरी अविकृत राहते. 'डिक्टिओफोरस' म्हणजे जाळे वाहणारा. यातील 'फोरस' आणि संस्कृत 'भृ' धातू यांचे नाते सुप्रसिद्ध आहे.

लोकनामांची तऱ्हा वेगळी असते. आफ्रिकान्स भाषेत या कीटकाला 'रॉयबाइकी', म्हणजे 'तांबड्या डगल्याचा', असे म्हणतात. हाच शब्द लाल गणवेशातील ब्रिटिश सैनिकांना उद्देशून वापरला गेला आणि टोळांच्या पिल्लांनाही लावला गेला. त्यातील 'डगला' या अर्थाचा शब्द मलायी 'बाजू'वरून आला असून, त्याचा संबंध फारसी 'बाजू' म्हणजे बाहू या शब्दाशी जोडण्यात येतो. तसे असल्यास मराठीतील 'बाजूबंद' आणि केपमधील या किड्याचा डगला हे दूरचे सोयरे ठरतात. इंग्रजी लोकनामातील 'कॉपी' म्हणजे टेकडी. हाही आफ्रिकान्स शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'लहान डोके' असा आहे. मराठीनेही डोंगराला 'माथा' दिलाच आहे.

लोकनाम रसाळ असते, पण एकच नाम सैनिक, टोळाचे पिल्लू आणि फेनिल नाकतोडा या तिघांना लागू पडते, तेथे ते शास्त्राच्या कामी येत नाही. मराठीतही 'टोळ' आणि 'नाकतोडा' यांची सरमिसळ होते. मे २०२० मध्ये विदर्भात उतरलेली धाड वाळवंटी टोळांची होती. थव्याने दूरवर उडत जाणे हा त्यांचा धर्म. ज्याला उडताच येत नाही अशा फेनिल नाकतोड्याला 'टोळ' म्हणणे म्हणूनच इष्ट नव्हे. महाराष्ट्रात त्याचा एक सगोत्र मात्र आहे : रुईच्या झुडपावर बसणारा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा 'पोएकिलोसेरस पिक्टस'. तो त्याच कुलातील असून त्याचे अन्नही विषारी चिकाचे आहे. प्रौढपणी त्याला पुरेसे पंख असतात हा भेद. मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहणाऱ्यांच्या तो दृष्टीस पडला असेलच.

५

या विवेचनाचा मराठीशी असलेला संबंध केवळ व्युत्पत्तीपुरता नाही. वनस्पतिशास्त्रात नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याचा नियम २०११ अखेरपर्यंत होता. प्राणिशास्त्राने अशी सक्ती केलेली नाही. नाम रोमन लिपीत असावे आणि १९३० नंतरच्या नामाबरोबर भेददर्शक वर्णन असावे एवढे बंधन आहे. वर्णनासाठी जगभर समजणारी भाषा वापरावी ही केवळ शिफारस होय. म्हणजे मराठीत लिहिलेले जातिवर्णनही नियमाने ग्राह्य ठरेल. प्रश्न आहे तो परिभाषेच्या स्थैर्याचा. नमुन्यादाखल पुढील वर्णन पाहावे :

'प्रौढ स्थूल; डोक्याच्या अग्रभागी मध्यवर्ती खाच; पूर्ववक्षाची पाठ खडबडीत; पंख ऱ्हस्व, क्रमाने सरळ, उड्डाणास अक्षम; वर्ण काळा व तांबडा, अस्थिर; डिवचल्यास वक्षातून फेस.'

यात एकही अवघड शब्द नाही. परंतु 'ऱ्हस्व' म्हणजे 'अभाव' नव्हे, आणि 'क्रमाने सरळ' म्हणजे 'पिल्लू नव्हे', हे लिहिणारा व वाचणारा या दोघांनीही सारख्याच अर्थाने घेतले पाहिजे. असे संकेत ठरवून ते पाळले गेले, तर सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर उद्या आढळणाऱ्या नाकतोड्याचे प्रथम वर्णन मराठीत होण्यास भाषेची अडचण राहणार नाही.