शेरा आधी, माणूस मागाहून

नागपुरातील एका वाचकाने या पुरवणीकडे एक प्रश्न धाडला आहे, आणि तो मांडताना संत्रा मार्केटचा हवाला दिला आहे. टोपलीतील वरची चार संत्री नासकी निघाली तर गिऱ्हाईक उरलेल्या टोपलीविषयीही साशंक होते व त्यास कोणी दोष देत नाही. मग ज्या जमातीतील माणसांच्या चोऱ्यांविषयी आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, तिच्यातील अनोळखी माणसाविषयी सावध राहिलो तर तो पूर्वग्रह का म्हणावा? प्रश्न प्रामाणिक आहे. पुष्कळांच्या मनात तो असतो, परंतु खाली सही करून विचारणारे थोडे.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे आपले मन नासकी संत्री बिनचूक मोजते. १९७६ साली डेव्हिड हॅमिल्टन व रॉबर्ट गिफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमके हेच तपासले. त्यांनी लोकांपुढे एकोणचाळीस वाक्ये ठेवली. सव्वीस 'अ' गटातील माणसांविषयी, तेरा 'ब' गटातील. 'अ'ची १८ कृत्ये भली व ८ वाईट, 'ब'ची ९ भली व ४ वाईट; म्हणजे भल्याबुऱ्याचे प्रमाण दोहोंकडे तंतोतंत सारखे. तरीही मागाहून विचारले असता वाचणाऱ्यांनी 'ब'च्या पदरी त्याच्या वाट्याहून अधिक वाईट कृत्ये घातली. जो गट क्वचित भेटतो त्याच्याकडून जे क्वचित घडते ते घडले, की दोन दुर्मिळ गोष्टींचा तो योग स्मृतीत ठसून बसतो, असे त्यांनी याचे स्पष्टीकरण दिले. या प्रयोगाचे मला वाटणारे अप्रूप असे की, ज्या गटांना नाव नाही, इतिहास नाही, केवळ एकेक अक्षर आहे, त्यांच्याविषयीसुद्धा द्वेषाचा लवलेश नसताना आकस उत्पन्न झाला.

हेच गणित आता आपल्या शहराच्या दप्तरास लावून पाहू. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना, १९१६ साली, रसेल नामक सनदी अधिकारी व रायबहादूर हिरालाल यांनी प्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो माहितीने इतका संपन्न आहे की अभ्यासकांना आजही त्यावाचून चालत नाही. परंतु पारध्यांच्या फासे लावण्याच्या कसबाचे कौतुकाने वर्णन करणारी तीच लेखणी त्यांच्या काही शाखांवर गुन्हेगारी प्रवृत्तीचा शेराही मारून जाते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येण्याजोगा झालेला होताच. ज्या जमातीचे नाव सरकारी यादीत चढे, तिच्यातील माणसांवर ठरल्या वेळी हजेरी देण्याचा आणि मुक्काम हलविताना वर्दी देण्याचा हुकूम सुटू शके. हजेरी चुकणे हाच गुन्हा, आणि तोही जमातीच्याच खात्यावर जमा. अशा दप्तरातून निघालेला आकडा जमातीचा स्वभाव सांगतो की फौजदाराची नजर, हे ज्याचे त्याने ठरवावे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. चोरीचा तपास प्रथम पालावर नेण्याची सवय मात्र रद्द झाली नाही.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत जिचे नाव यावयास हवे आणि येत नाही, अशी एक व्यक्ती म्हणजे इरावती कर्वे. 'युगान्त'च्या कर्तीस सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु १९२८ च्या सुमारास बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली काम करणारी विद्यार्थिनी फारशी कोणास ठाऊक नाही. गोऱ्यांच्या कवटीची उजवी व डावी बाजू विषम असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाचे बीज आहे, असा फिशर यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि विषमतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असे ज्यांच्या हाती आपली पदवी आहे त्याच गुरूंपुढे प्रबंधात लिहून दिले. पुढे महाराष्ट्रातील नाना जातींच्या माणसांची शरीरमापे घेत त्या स्वतःही हिंडल्या, हे खरे. पण मोजणे हा दोष नव्हेच, मोजण्याआधी उत्तर ठरविणे हा दोष होय.

शिवाय नासके म्हटल्याने संत्रे नासत नाही. माणसावर मात्र नावाचा परिणाम होतो. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले, तेव्हा जातीचा उच्चार झाला नाही तोवर मुले बरोबरीने चालली. जात जाहीर पुकारताच खालच्या मानलेल्या जातींची मुले मागे पडली. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले. पात्रता तुल्य, नावे तेवढी निराळी. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लिम नावाला एकतृतीयांश होता.

सुप्त पूर्वग्रह संगणकावर काही मिनिटांत मोजून देणारी चाचणी १९९८ पासून फार गाजली. पण त्याच माणसाची ती पुन्हा घेतली तर उत्तर पुष्कळदा बदलते, म्हणून तिच्या भरवशावर चाललेल्या मनःशुद्धीच्या शिबिरांवर माझा विश्वास नाही. मन सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा रीत बदलणे सोपे आहे. बुटीबोरी व मिहान येथील कारखानदारांनी अर्जांची पहिली चाळणी नाव-आडनाव झाकून करावी, आणि तपासणी अंमलदाराने पालावर जाण्यापूर्वी हाती पुरावा आहे काय, हे स्वतःस विचारावे. यास निराळ्या तरतुदीची किंवा नव्या कायद्याची गरज नाही.