चोरीचा आकडा कसा तयार होतो?

‘श्रीरामपुरात चोऱ्या फार वाढल्या,’ हे वाक्य एस.टी. स्थानकापासून आपल्या कँटीनपर्यंत कोठेही ऐकावयास मिळते. ते खरे असेल किंवा नसेलही. परंतु ‘वाढल्या’ म्हणताना आपण कोणता आकडा डोळ्यांपुढे धरतो? मी शोध घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले की, आपण आकडा धरतच नाही. शेजारच्या गल्लीत काल काय झाले तेवढेच धरतो.

देशाचा वार्षिक गुन्हे-अहवाल 1953 पासून निघतो. हल्ली तो राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग काढतो. त्यात शहरांचे वेगळे आकडे असतात, पण ते महानगरांचे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर. 2011 च्या जनगणनेत नव्वद हजारांच्या आसपास वस्ती असलेले आपले गाव जिल्ह्याच्या ओळीत मिसळून जाते. शिवाय एका फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजतात. म्हणजे घरफोडी करताना कोणाचा खून झाला, तर अहवालात खून दिसेल, घरफोडी दिसणार नाही.

आपण सरसकट ‘चोरी’ म्हणतो, कायदा तसे म्हणत नाही. अंगणातली सायकल नेली ती चोरी. कुलूप तोडून आत शिरले ती घरफोडी. मारहाण करून किंवा धाक दाखवून घेतले ती जबरी चोरी, आणि त्यात पाच किंवा अधिक जण असले की दरोडा. गळ्यातली पोत हिसकावून पळणे याला भारतीय दंड संहितेत स्वतंत्र कलम नव्हते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात 304 वे कलम त्यासाठीच आहे. त्यामुळे 2023 आणि 2025 चे आकडे शेजारी मांडून चढउतार काढणाऱ्याने जरा जपून असावे. रकान्यांची नावेच बदलली आहेत.

याहून मोठा बदल मात्र फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही. जुन्या कायद्यात चोरी पाच रुपयांची असो की पाच लाखांची, ती दखलपात्र होती. नव्या संहितेच्या 303 व्या कलमात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेच्या शिक्षेवर भागते. आणि पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र धरली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलीस नोंद घेतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. ज्याला लोक ‘एन.सी.’ म्हणतात ती हीच. राहत्या घरातल्या चोरीचे कलम वेगळे आहे, तेथे ही सवलत नाही.

कायदा करणाऱ्यांचा हेतू मला वाईट वाटत नाही. भुकेपोटी भाकरी उचलणाऱ्याला तुरुंगात घालून काय साधते? पण पाच हजार ही रक्कम सर्वांना सारखी नसते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली. तांब्यासाठी नेतात, तालुक्यात हे नवीन नाही. केबल जुनी, तिची किंमत फार तर चार हजार धरली गेली. परंतु पाळीची वीज आठवडाभर आली आणि गेली, शेजाऱ्याकडून पाणी मिळाले नाही, आणि अर्धा एकर घास वाळला. घासाची किंमत कोणत्याही रकान्यात बसत नाही, कारण घास काही कोणी चोरला नव्हता.

वडील ठाण्यात जायलाच तयार नव्हते. त्यांना लिहिता येत नाही; अर्ज मी लिहिला. तेथे पहिला प्रश्न आला, ‘केबलची पावती आहे का?’ सहा वर्षांपूर्वी उधारीवर घेतलेल्या केबलची पावती कोठून असणार? विचारणाऱ्याचा दोष नाही, किंमत ठरवायला त्याला कागद लागतोच. त्या बाकावर बसून मला प्रथम कळले की, चोरीची नोंद व्हायची तर वस्तूला आधी कागद असावा लागतो.

मोटारसायकलीचेच पाहा. एम.एच. 17 ची पाटी लावलेली गाडी गेली की मालक धावत ठाण्यात जातो. विम्याला फिर्यादीची प्रत लागते, शिवाय आपल्या गाडीवरून दुसऱ्याने काही केले तर आपल्यावर येईल ही भीती. मोबाइलचेही तसेच. हरवलेला किंवा चोरलेला मोबाइल बंद पाडण्याची केंद्राची सोय मे 2023 पासून देशभर झाली आणि तिलाही पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते. म्हणून मोबाइलच्या तक्रारी वाढल्या तर चोर वाढले असेच समजू नये. तक्रार करण्यात फायदा दिसू लागला, एवढेही कारण पुरते. त्यातही कितीतरी मोबाइल ‘चोरीस’ न जाता कागदावर ‘गहाळ’ होतात. उलट शेळी, कोंबड्या, केबल, बांधावरचे पाईप यांना ना पाटी ना विमा. ती चोरी घरातल्या शिव्याशापांतच संपते.

नोंद झाली नाही तरी संशय मात्र लगेच घेतला जातो. केबल गेली त्या सकाळी पारावर चहा येण्याआधी गावाबाहेरच्या पालांकडे बोटे वळली होती. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणसे चोर ठरवली. 1952 साली तो कायदा रद्द झाला, म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात. कायद्याने मुक्त केले त्याला सत्तर वर्षे होऊन गेली, पारावर अजून नाही. तपास झाला असता तर कदाचित चोर सापडला असता, कदाचित नसता. निदान पालांतली पोरे सुटली असती. तपास नाही, म्हणून संशयही मिटत नाही.

अर्ज लिहिताना एकाने मला ‘संशयित’ या शब्दापुढे एक नाव घालायला सांगितले होते. मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘पाहिलंय का आपण? मग कशाला लिहायचं.’ त्या कागदावर ‘अज्ञात इसम’ असे आहे.