नेमाचें गणित

१ ऑगस्ट २०२४ रोजीं फ्रान्समधील शातोरू येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसळे यांनीं ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिकचें कांस्यपदक जिंकलें, आणि महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत एका नव्या हट्टानें प्रवेश केला. आमच्या वसई-विरारकडेहि मुलेंमुली ‘आम्हांला बंदूक शिकवा’ म्हणूं लागलीं आहेत. वडील मंडळींचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें: ‘आपल्या घरांत पुस्तकें शोभतात, बंदूक नव्हे.’ हें उत्तर देण्यापूर्वीं ही विद्या आहे तरी कशाची, हें वाचकांनीं एकवार पाहावें, अशी आमची विनंति आहे. दूरच्या लक्ष्यासाठीं बंदुकीवरील दुर्बीण कशी जुळवितात, तें नीट पाहिलें म्हणजे ही विद्या दंडाची कमी आणि त्रैराशिकाची अधिक, अशी आमच्याप्रमाणेंच त्यांचीहि खात्री होईल.

प्रथम मूळ अडचण ध्यानांत घ्यावी. दृष्टि सरळ रेषेंत जाते. गोळी मात्र नळीबाहेर पडतांच पृथ्वीकडे ओढली जाऊं लागते, म्हणून तिचा मार्ग वक्र होतो. शिवाय दुर्बीण नळीच्या वर चार-पांच सेंटिमीटर उंचीवर बसविलेली असते. म्हणजे पाहण्याची रेषा निराळी आणि गोळीची वाट निराळी. या दोहोंची गांठ ठराविक अंतरावर घालून देणें, यालाच दुर्बीण जुळविणें म्हणतात. शंभर मीटरांवर घातलेली गांठ पांचशें मीटरांवर सुटते; तेथें ती पुन्हां घालावी लागते.

यासाठीं दुर्बिणीवर दोन फिरक्या असतात. माथ्यावरची फिरकी मारा वर-खालीं नेते, बाजूची डावी-उजवीकडे. फिरवितांना बारीक खटका लागतो, व पुष्कळ दुर्बिणींत एका खटक्यानें पाव मिनिट एवढा कोन बदलतो. हें मिनिट घड्याळांतलें नव्हे. अंशाचा साठावा भाग, म्हणजे आपल्या ज्योतिषांतील ‘कला’ होय. पूर्ण चंद्राचें बिंब सुमारें ३१ कला भरतें, त्यावरून पाव कला किती सूक्ष्म, याची कल्पना यावी.

आतां एक कला म्हणजे लक्ष्यावर किती सेंटिमीटर? वर्तुळाच्या परिघांत २१,६०० कला असतात. त्याच मापानें त्रिज्या ३,४३८ कला येते. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’तील ज्यांचें कोष्टक याच त्रिज्येवर उभें आहे. अर्थात् अंतरास ३,४३८ नें भागिलें कीं त्या अंतरावरील एका कलेची रुंदी मिळाली. शंभर मीटरांचे दहा हजार सेंटिमीटर, भागाकार २.९१. एका खटक्याची किंमत त्याच्या चौथाई, म्हणजे ०.७३ सेंटिमीटर. ‘हे अंश-कला पुढें कोठें उपयोगी पडतात?’ असें वर्गांत विचारणाऱ्या मुलांना येथें एक उत्तर सांपडावें.

समजा, शंभर मीटरांवर पांच गोळ्या झाडल्या आणि त्यांचा पुंजका मध्यापासून ६ सेंटिमीटर खालीं व ३ सेंटिमीटर डावीकडे पडला. ६ ला ०.७३ नें भागून ८ खटके वर; ३ ला भागून ४ खटके उजवीकडे. मग पुन्हां पांच गोळ्या झाडून पडताळा घ्यावा. मात्र या त्रैराशिकास एक अट आहे, आणि नवशिका नेमका तेथेंच फसतो. पहिली गोळी बाजूस गेली कीं तो फिरकीस हात घालतो. दुसरी भलतीकडे गेली कीं पुन्हां फिरवितो. एका गोळीवरून दोष दुर्बिणीचा कीं हाताचा, हें कळतच नाहीं. पांचहि गोळ्या विखुरल्या असतील तर श्वास, खांदा, चापावरील बोट किंवा दुर्बिणीचे सैल स्क्रू यांकडे पाहावें. तो दोष फिरकीनें जात नाहीं. गोळ्या एके ठिकाणीं जमल्या, पण चुकीच्या ठिकाणीं जमल्या, तरच औषध खटक्यांत आहे.

२ जुलै १८६० रोजीं लंडननजीक विंबल्डन येथें व्हिक्टोरिया राणीनें नेमबाजीच्या संमेलनाचा आरंभ केला, तेव्हां व्हिटवर्थ रायफल एका आधारावर पक्की बसवून ४०० यार्डांवरील लक्ष्यावर आधींच जुळवून ठेवली होती. राणीनें फक्त दोरी ओढली, आणि गोळी मध्याजवळ लागली. जुळविणें आणि धरणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें यावरून स्पष्ट दिसतें.

फिरकीस हात लावण्यापूर्वीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दुर्बिणींतील फुलीची उभी रेषा खरोखर उभी हवी. त्यासाठीं समोर ओळंबा सोडून ती दोरीशीं ताडून पाहतात. रेषा तिरपी असेल तर वर नेलेली गोळी बाजूसहि सरकते. दुसरी गोष्ट लंबनाची. डोळा जरा हलविला असतां फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसते, तेंच हें लंबन. दूरच्या माऱ्याच्या पुष्कळ दुर्बिणींत तें घालविण्यास निराळी फिरकी असते. डोळा हलवूनहि फुली स्थिर दिसेपर्यंत ती फिरवावी.

अंतर वाढलें कीं आंकडा केवढा फुगतो, तेंहि पाहा. ३०८ जातीच्या बंदुकीची जड गोळी शंभर यार्डांवर जुळविलेली असेल, तर हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरांवर, ती सुमारें साडेनऊ मीटर खालीं जाते. म्हणजे ३६ कला, जवळजवळ दीडशें खटके वर जावें लागतें. तिला तेथें पोंचण्यास दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो, व ताशीं १६ किलोमीटरांचा आडवा वारा तेवढ्यांत तिला दोन मीटरांच्या आसपास बाजूस नेतो. गोळीचें पडणें कोष्टकांत मावतें. वारा मावत नाहीं, तो वाचावा लागतो. वसईकरांस हें नवें नाहीं. दुपारीं समुद्रावरून वारा सुटला कीं माडाच्या झावळ्या एक सांगतात आणि अंगणांतली तुळस दुसरेंच. उन्हाळ्यांत मिठागरांवर तापलेली हवा थरथरतांना दिसते. नेमबाज दुर्बीण लक्ष्याच्या किंचित् अलीकडे स्पष्ट करून अशीच थरथर पाहतात. ती एका बाजूस वाहूं लागली कीं वाऱ्याची दिशा कळते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. श्री. कुसळे यांच्या स्पर्धेंत बंदुकीवर दुर्बीण चालत नाहीं. मागें बारीक छिद्र, पुढें कडें, आणि कड्यांत लक्ष्याचें काळें वर्तुळ, एवढीच सामग्री. ५० मीटरांवरील दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे पाऊण कलेहूनहि लहान. त्या छिद्रासहि वर-खालीं व बाजूस नेणारे खटके असतात, आणि त्यांचें गणित हेंच. याच गणिताच्या जोरावर कोल्हापूरच्याच श्रीमती तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें ५० मीटर रायफलच्या पडून मारण्याच्या प्रकारांत ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या.

आतां घरच्या प्रश्नाकडे वळूं. वडिलांची भीति खोटी नाहीं. सुटलेली गोळी परत येत नाहीं. म्हणून बंदूक भरलेलीच आहे असें मानावें, तिचें तोंड लक्ष्याखेरीज कोठेंहि वळवूं नये, आणि शिक्षण जाणत्या गुरूच्या नजरेखालीं, मैदानावरच व्हावें. आरंभ १० मीटरांवरील हवेच्या बंदुकीनें होतो. त्याच प्रकारांत श्रीमती सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं क्वालालंपूर येथें ४०० पैकीं ४०० गुण मिळविले. खर्च मध्यम स्थितीच्या कुटुंबास जड आहे, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु श्री. कुसळे यांचे वडीलहि शिक्षकच. तेव्हां ‘आपल्यासारख्यांचें हें काम नव्हे’ असें निदान शिक्षकाच्या घरांत तरी म्हणतां येणार नाहीं.

हट्ट धरणाऱ्या मुलास किंवा मुलीस आधीं बंदूक देऊं नये, एक वही द्यावी. पाव कलेच्या खटक्याची किंमत शंभर, तीनशें व सहाशें मीटरांवर किती, तें काढावयास सांगावें. उत्तरें ०.७३, २.१८ व ४.३६ सेंटिमीटर यावयास हवींत. तीं बरोबर आलीं, आणि त्यानंतरहि हट्ट टिकला, तर ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं वडिलांनीं आणखी एकदां विचार करावा.