जमिनीवरचा एक दिवस

नरखेड तालुक्यातल्या पोरानं समुद्रावर नोकरी करावी, हे तसं नवलच. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर बोअरचं. ते आटलं की संत्र्याच्या बगिच्याचं काय होणार, एवढीच त्याची काळजी. आणि मोवाडात तर पाण्याचं नाव काढलं की जुनी माणसं अजूनही गप्प होतात. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदी त्या गावात शिरली आणि दोनशेहून अधिक माणसांना घेऊन गेली.

त्याच मोवाडचा, आमच्या ओळखीच्या घरातला एक मुलगा सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन मालवाहू जहाजावर खलाशी झाला. त्याच्या आजीनं महिनाभर अबोला धरला होता. मागच्या महिन्यात तो सुटीवर आला आणि सवयीप्रमाणे आमच्याकडे चहाला बसला. मी म्हटलं, "समुद्राचा एखादा झकास फोटो दाखव." त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत समुद्र नव्हताच. एक म्हातारं पांढरं अस्वल होतं.

"सिंगापूरचं आहे, काका. २०१७ सालचं. पाच महिन्यांनी पाय जमिनीला लागले होते."

जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. चौघांना दिवसभराची परवानगी मिळाली. लाँचनं ते मरिना साउथ पिअरच्या धक्क्यावर उतरले. जमिनीवरही पावलं डोलत होती. बाकीचे तिघे बाजाराकडे वळत होते, पण यानं हट्ट धरला की झाडं पाहायची. मग मेट्रोनं आंग मो किओ, तिथून १३८ क्रमांकाची बस आणि पुढे मंडाईचं प्राणिसंग्रहालय.

हे उद्यान १९७३ साली सुरू झालं. तिथे गजांचे पिंजरे फारसे नाहीत. प्राणी आणि माणूस यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी खंदक आणि पाणी असतं. ओरांगउटान तर डोक्यावरच्या फांद्यांवरून मोकळे फिरतात. "मी मिनिटभर नुसता झाडाला हात लावून उभा होतो," तो म्हणाला. "लोक प्राणी पाहत होते, मी माती पाहत होतो."

आणि मग ते अस्वल दिसलं. इनुका त्याचं नाव. १९९० साली तिथेच जन्मलेलं, उष्ण कटिबंधात जन्मलेलं पहिलं ध्रुवीय अस्वल. त्यानं खरा बर्फाळ समुद्र कधी पाहिलाच नाही. २००४ साली तिथल्या दमट हवेत त्याच्या पोकळ केसांत शेवाळ वाढलं आणि ते चक्क हिरवं झालं होतं! नंतर त्याला गारव्याची नवी जागा बांधून दिली. २०१८ च्या एप्रिलमध्ये, म्हातारपणानं फार खंगल्यावर, डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. यापुढे ध्रुवीय अस्वलं आणायची नाहीत, हे उद्यानानं आधीच ठरवलं होतं.

"त्याचं सगळं व्यवस्थित होतं, काका. खाणं, डॉक्टर, गारवा. आमचंही जहाजावर असतंच की."

मी काही बोललो नाही. जगातला ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रातून जातो. आपल्या कढईतलं पामतेलही त्याच वाटेनं येतं. पण ते आणणारा माणूस किती बंदरं नुसती डेकवरून पाहतो, हे आपल्याला ठाऊक नसतं. कंटेनरची जहाजं आता एका दिवसाच्या आत रिकामी होऊन निघतात. २००४ पासून बंदरांची सुरक्षाही कडक झाली. २०१३ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानं किनाऱ्यावर उतरणं हा खलाशाचा हक्क मानला. परंतु हक्क कागदावर असला, तरी वेळ आणि पास हातात यावे लागतात ना?

करोनाच्या काळात तर तेही संपलं. २०२० च्या अखेरीस, करार संपूनही घरी जाता न आलेले सुमारे चार लाख दर्यावर्दी जहाजांवर अडकले होते. हा त्यांतलाच एक. नऊ महिन्यांचा करार, उतरला चौदाव्या महिन्यात. बंदरं दिसायची, पण शिडी खाली सोडली जात नसे. तेव्हा रात्री तो हाच फोटो काढून बघायचा. "मी एकदा तिथे चाललो होतो, हे स्वतःला पटवायला," तो म्हणाला.

परवा त्यानं सगळ्या घराला नागपूरला नेलं, गोरेवाड्याला. तिथली सफारी २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली. मीही गेलो होतो. बसच्या खिडकीतून आजीनं झाडाखाली पसरलेलं काळं अस्वल पाहिलं आणि नातवाला विचारलं, "तुह्या फोटूतलं हेच काय रे?"

"नाही आजी, ते पांढरं होतं. दूर देशातलं."

ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "बावा, पान्यात रायतेस तर राय. पन जमीन आली का उतरत जाय."

"उतरू दिलं तर उतरीन, आजी."

येत्या आठवड्यात तो मुंबईहून पुन्हा जहाजावर चढतो आहे. आजीनं संत्राबर्फीचे दोन डबे बांधून ठेवलेत. एक त्याच्यासाठी आणि दुसरा, ती सांगते, "त्याले खाली उतरू देनाऱ्या सायबासाठी."