60 टक्के दार

सोलापुरात होटगी रोडच्या एका आतल्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली एक नवीकोरी एसयूव्ही चारही दारं उघडी टाकून उभी होती. दारांचे पॅड काढून भिंतीशी ठेवलेले. उस्तादांनी पुढच्या दारातला कंपनीचा स्पीकर सोडवून माझ्या हातावर ठेवला. प्लॅस्टिकची चौकट, कागदाचा कोन, मागे जेमतेम चुंबक. हातात काही दिलंय असं वाटेना.

गाडीच्या मालकांनी याच म्युझिक सिस्टिमसाठी वरचं व्हेरिएंट घेतलं होतं. दारावर नावाजलेल्या ब्रँडची पाटीही होती. एवढे पैसे मोजल्यावर माणूस पुन्हा खिशात हात का घालतो, या कुतूहलानं मी त्यांच्याबरोबर आलो होतो.

“स्पीकरचं नंतर बघू की,” उस्ताद म्हणाले. “आवाज 60 टक्के दाराचा असतो, साहेब. 40 टक्के स्पीकरचा.” हा आकडा मोजला कुणी, असं विचारलं तर नुसते हसले.

उस्ताद पद्मशाली. वडील यंत्रमागावर होते. सगळे माग धडधडत असताना कुठला बिघडलाय हे ते न बघता सांगायचे म्हणे. मुलानं तोच कान आधी जीप-ट्रॅक्समधल्या कॅसेट डेकला लावला. तेव्हा काम सोपं होतं: जुना डेक ओढून काढायचा, नवा बसवायचा. आता डेक कुठे राहिलाय? समोरच्या स्क्रीनमध्येच एसी, मागचा कॅमेरा, फोन. पार्किंगची पीपपीप आणि काही गाड्यांत इंडिकेटरची टिकटिकसुद्धा स्पीकरमधूनच येते. स्क्रीनला हात लावता येत नाही आणि वायर कापली तर वॉरंटीचं दुखणं. म्हणून सगळा खेळ कपलरवर: कंपनीच्या कपलरमध्ये आपला कपलर, वायर शाबूत.

ब्रँडची कल्पना मुळात खोटी नाही. बंगाली बापाच्या अमर बोस यांच्या कंपनीनं 1983 च्या कॅडिलॅक सेव्हिलसाठी त्या गाडीच्या पोकळीलाच बेतलेली सिस्टिम दिली, तिथून हे पर्व सुरू झालं. पुढे क्रेटा-सेल्टॉसमध्ये बोस, हॅरियरमध्ये जेबीएल, एक्सयूव्ही 700 मध्ये सोनी आली. या गाडीतली गोम वेगळीच होती. तिचा अॅम्प्लिफायर हलक्या स्पीकरची उणीव झाकण्यासाठी आवाजाला आधीच रंगरंगोटी करून पाठवत होता. व्हॉल्यूम वाढवला की बास गुपचूप कमी, म्हणजे कागदी कोन फाटायला नको. यावर नुसता महागडा स्पीकर लावला तर तो ती रंगरंगोटी जशीच्या तशी वाजवतो. त्यात कंपनीचा स्पीकर 2 ओहमचा, बाजारातला बहुधा 4 चा. त्याच अॅम्प्लिफायरवर त्याला निम्मीच ताकद मिळते. “लोक येतात आणि म्हणतात, नवा टाकला तर पहिल्यापेक्षा कमी वाजतो,” उस्तादांचा भाचा म्हणाला. तो लॅपटॉपवाला, मामांचा कान आणि याचा माइक.

पण आधी दार. बाहेरच्या पत्र्यावर उस्तादांनी बोटाचं पेर आपटलं: टण. स्पीकरचा पडदा पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. मागची लाट दाराच्या भोकांतून पुढे आली की दोघी एकमेकींना खातात आणि बास मरतो. म्हणून आतल्या पत्र्याची भोकं बुजवायची, बाहेरच्या पत्र्याला रबरी शीट चिकटवायची, म्हणजेच डॅम्पिंग. हीट गन फिरली तसा शेडभर तो वास पसरला, गरम ब्यूटाइलचा, चिकट आणि थोडा गोडूस. नंतर कपड्यांनाही येत राहिला. स्वस्तातली डांबरी शीटही मिळते. उस्ताद ती वापरत नाहीत. सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, उन्हात लावलेल्या गाडीच्या दारात त्याहून कितीतरी जास्त. डांबर सुटतं, घसरतं आणि काचेच्या खाली जाऊन बसतं. अशी दारं त्यांनी पुष्कळ खरवडली आहेत, आणि त्या कामाचे पैसे मागताना त्यांनाच लाज वाटते.

ते लाकडी रोलर असा दाबत होते की मनगटाच्या शिरा तटतटल्या. मालक फोनवर. हे काम पॅड लावल्यावर कुणाला दिसणार नाही, आणि बिलावर सगळ्यात जास्त घासाघीस याच ओळीवर होते. शेवटी पुन्हा पेर आपटलं: ठप. 60 टक्के. आता मलाही आकडा पटायला लागला होता.

बाकीचं भराभर झालं. स्पीकरखाली कड्या, सीटखाली नवा अॅम्प्लिफायर, बॅटरीजवळ फ्यूज. मग भाच्यानं कंपनीच्या अॅम्प्लिफायरमधून येणारे ट्विटरचे नि वूफरचे तुकडे प्रोसेसरमध्ये एकत्र केले आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवरची आवाजाची वेडीवाकडी रेघ सपाट करत आणली. चालकाच्या कानापासून उजवा स्पीकर जवळ, डावा साधारण अर्धा मीटर लांब. आवाजाला तेवढं अंतर कापायला दीड मिलिसेकंद लागतो. तेवढा उजव्याला थांबवला आणि गाणारी बाई उजव्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध आली. हे मी ऐकलं. ब्रोशरमध्ये वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

उस्तादांची परीक्षा निराळी. ते हलगी लावतात. कडक थाप कानाला टोचली तर म्हणतात, “पोरा, वरचं कापून काढ.” भाचा रेघेकडे बोट दाखवतो, मामा मान हलवतात, रेघ वाकडी होते. दोनदा मी बाजू बदलली; शेवटी मामांच्या बाजूनं राहिलो.

डॉल्बीसारखा हादरा मागणारी पोरंही येतात. डिकी उघडी टाकून चौकात वाजवायला. उस्ताद त्यांना बॉक्स विकतात, दारं करून देत नाहीत.

पॅड बसले, ब्रँडच्या पाटीची जाळी मालकांनी आठवणीनं परत लावून घेतली. मग त्यांच्या मिसेस डाव्या सीटवर बसल्या, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, “अहो, मला तर सगळं माझ्याच दारातून येतंय.” भाच्यानं मुकाट लॅपटॉप परत उघडला. दुसरी सेटिंग, दोघांसाठी. “त्यात गाणारी मधे येणार नाही, मॅडम,” तो म्हणाला. “पण भांडणही होणार नाही.” मालक बिलावरच्या डॅम्पिंगच्या ओळीवर बोट ठेवून उस्तादांकडे वळले.