खो-खोचा नवा हिशेब : सात मिनिटे आणि तीन गडी

नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये १९ जानेवारी २०२५ रोजी भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असे हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या कळमअंबा गावची. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्या बीडचे नाव त्या दिवशी एका विश्वविजेत्या कर्णधारामुळे देशभर पोहोचले. त्याच दिवशी प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखालील पुरुष संघानेही नेपाळवरच ५४-३६ अशी मात केली.

कौतुकाचा पहिला बहर ओसरल्यावर जाणकारांच्या चर्चेत एक प्रश्न उरतो. महिलांच्या अंतिम सामन्यातील ३८ गुणांची आघाडी खरोखर तेवढी मोठी होती का? त्याचे उत्तर शोधायचे तर मराठी वाचकाच्या परिचयाचा खो-खो आणि विश्वचषकातील खो-खो यांतील अंतर आधी समजून घ्यावे लागते.

मैदानावरचा आणि मॅटवरचा खेळ

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खेळाला नियमांची चौकट दिली. शाळेच्या मैदानावर रुजलेल्या परंपरागत खेळात नऊ जण आक्रमण करतात. आठ जण मधल्या पट्टीत आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. डाव नऊ मिनिटांचा असतो, बाद झालेल्या प्रत्येक गड्याला एक गुण मिळतो आणि संरक्षक तिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. खो-खोतील सारे डावपेच या दोन बंधनांतून जन्मले आहेत.

संरक्षक बसलेल्या गड्यांमधून नागमोडी धावत साखळी खेळतो, किंवा दोन-तीन गड्यांभोवती फिरत राहून आक्रमकांना वारंवार खो द्यायला लावतो. साखळीत लय सापडते, पण चाल ओळखली जाण्याचा धोका असतो. रिंगण खेळण्यात दमछाक अधिक, मात्र आक्रमकाला सरळ वेग घेता येत नाही. आक्रमकांची चाल याच्या उलट. संरक्षकाला हळूहळू खांबाकडे ढकलत न्यायचे आणि तेथे खांबाच्या आधाराने सूर मारून त्याला टिपायचे.

विश्वचषकात सात जणांच्या आक्रमणाचा वेगवान प्रकार खेळवण्यात आला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमेट खो-खो’ लीगने तो प्रेक्षकांपुढे आणला होता. सात मिनिटांच्या चार पाळ्या, बाद झालेल्या प्रत्येक गड्याला दोन गुण, आणि ‘वजीर’ म्हणून नेमलेल्या आक्रमकाला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा. या शेवटच्या नियमाने रिंगण खेळणाऱ्याची मोठी सोय हिरावून घेतली. मागे वळता न येणाऱ्या आक्रमकाला हुलकावणी देणे एक गोष्ट झाली. वळू शकणाऱ्या वजिराला चकवणे ही सर्वस्वी वेगळी.

त्याच्या मोबदल्यात संरक्षकांना मिळाली ‘ड्रीम रन’. तिघांची तुकडी तीन मिनिटे टिकली की एक गुण आणि त्यापुढे प्रत्येक अर्ध्या मिनिटाला आणखी एक. पूर्वी संरक्षणाची वेळ वृत्तपत्रांतील धावत्या समालोचनात दिसे. आता ती थेट गुणफलकावर येते.

गुणफलकाआडचा सामना

या नियमांच्या चष्म्यातून महिलांचा अंतिम सामना पुन्हा पाहण्यासारखा आहे. पहिल्या पाळीत भारताने ३४ गुण मिळवले. याचा अर्थ ४२० सेकंदांत १७ गडी, म्हणजे सरासरी २५ सेकंदांना एक. दुसऱ्या पाळीत नेपाळने १२ गडी टिपून २४ गुण वसूल केले, तर भारताच्या वाट्याला ड्रीम रनचा एकच गुण आला. मध्यंतराला गुणफलक होता ३५-२४. नेपाळने आणखी सहा गडी बाद केले असते, तर आघाडी त्यांच्याकडे गेली असती.

सामना फिरला तो तिसऱ्या पाळीत. भारताने १९ गडी टिपले आणि ३८ गुणांची भर घातली. नेपाळला त्या पाळीत एकही ड्रीम रन साधली नाही. ७३-२४ अशा पिछाडीवरून नेपाळने अखेरच्या पाळीत आक्रमण सुरू केले, तेव्हा निकाल जवळजवळ लागलेला होता. तरीही त्या पाळीत भारताची एक तुकडी ५ मिनिटे १४ सेकंद टिकली आणि पाच गुण घेऊन गेली. सातपैकी सव्वापाच मिनिटे एकाच तुकडीने खाल्ल्यावर नेपाळच्या हाती पडले अवघे आठ गडी.

या पाच गुणांचे मोल पाचापेक्षा अधिक आहे. दुसऱ्या पाळीत नेपाळ सरासरी ३५ सेकंदांना एक गडी बाद करत होता. म्हणजे तीन मिनिटांपुढे टिकलेले प्रत्येक अर्धे मिनिट स्वतःला एक गुण मिळवून देते आणि प्रतिस्पर्ध्याचे जवळपास दोन गुण हिरावते. म्हणूनच संघाचा फॉर्म जोखताना किती गडी टिपले याइतकेच तुकडी किती वेळ टिकली हेही पाहायला हवे.

या कसोटीवर संपूर्ण स्पर्धा तपासली की वेगळेच चित्र दिसते. भारतीय महिलांनी दक्षिण कोरियाला १७५-१८, इराणला १००-१६, मलेशियाला १००-२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशला १०९-१६ आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६ असे हरवले. या पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे गुण विसाच्या पुढे गेले नाहीत. नेपाळने मात्र ४० गुण घेतले. भारताच्या संरक्षणाची खरी परीक्षा स्पर्धेत एकदाच झाली आणि ती अंतिम दिवशी झाली.

रग्बीतील दाखला

एवढे एकतर्फी निकाल लागणाऱ्या खेळाला ‘जागतिक’ म्हणावे का, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर रग्बीच्या इतिहासात सापडते. १९९५ च्या रग्बी विश्वचषकात न्यूझीलंडने जपानचा १४५-१७ असा धुव्वा उडवला होता. बरोबर वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच जपानने दोन वेळच्या जगज्जेत्या दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे नमवले. उंची आणि वजनात प्रतिस्पर्धी भारी असल्याचे ओळखून जपानने चेंडूचा वेग वाढवला, खाली वाकून पाय धरण्यावर भर दिला आणि शेवटच्या क्षणी बरोबरीची संधी सोडून विजयासाठी धाव घेतली. २०१९ मध्ये यजमान या नात्याने जपानने उपांत्यपूर्व फेरीही गाठली.

रग्बीच्या सात-सात खेळाडूंच्या छोट्या प्रकाराची कहाणीही बोलकी आहे. यातही सात-सात मिनिटांची दोन सत्रे असतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार आला आणि फिजी या चिमुकल्या देशाने आपले पहिलेवहिले ऑलिम्पिक पदक मिळवले, तेही सुवर्ण. छोट्या प्रकाराने लहान देशांना दार उघडले. खो-खोच्या संघटकांनाही ऑलिम्पिकचीच आस आहे आणि सात मिनिटांच्या पाळीमागचा विचार त्याच दिशेचा आहे.

दार उघडले की स्पर्धाही आत येते. नेपाळचा खो-खो भारताच्या शेजारी वाढला. उद्या आफ्रिकेतून किंवा पूर्व आशियातून एखादा संघ असाच उभा राहू शकतो. त्या दिवशी भारताला परंपरेचा वारसा पुरणार नाही. वजिराला चकवणारी नवी हुलकावणी आणि तीन मिनिटांपुढे टिकणारा दम लागेल.

हे कसब कोठे घडते, हाच बीडसाठी कळीचा प्रश्न आहे. मराठवाड्यातील शाळांमध्ये खो-खो टिकला, कारण त्याला दोन खांब आणि सपाट जमीन एवढेच लागते. आंतरराष्ट्रीय सामना मॅटवर होतो. तेथे बुटांची पकड, वळण्याचा वेग आणि सूर मारण्याची पद्धत यांचे गणित बदलते. मातीवर शिकलेल्या मुलीला मॅट पहिल्यांदा थेट निवड चाचणीत दिसली, तर तिची चपळाई अंदाज चुकण्यात वाया जाते. प्रियांका इंगळे हिचे मूळ गाव बीड जिल्ह्यात असले, तरी तिचा खेळ घडला पुणे परिसरात. केज, अंबाजोगाई किंवा आष्टी येथील मैदानावर आज पळणाऱ्या मुलीला त्यासाठी जिल्हा सोडावा लागू नये, ही व्यवस्था उभी राहिली तरच विश्वचषकाचा आनंद पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.