न लिहिलेल्या चाली

कर्जतहून मुंबईकडे सकाळी सुटणाऱ्या गाड्यांतून भजनी मंडळी प्रवास करतात, हे मध्य रेल्वेच्या नोकरदारांना नव्याने सांगावयास नको. दोन तासांच्या वाटेत रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत सारे यथासांग पार पडते. अशा मंडळातील एखादा जुना बुवा सेवानिवृत्त झाला, की त्याच्या ठेवणीतल्या चालीही त्याच्याबरोबर घरी जातात. अभंगाचे शब्द गाथेत छापलेले असतात. चाल मात्र कोठेही लिहिलेली नसते.

कर्जत व खालापूर तालुक्यांतील बहुतेक सर्व सामूहिक गायनाची हीच स्थिती आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहातील भजन घ्या, अथवा डोंगरकुशीतील ठाकर आणि कातकरी वाड्यांवरची लग्नाची गाणी घ्या. आपल्याकडे बुवाने म्हणावे व टाळकऱ्यांनी तोच सूर उचलावा, अशी रीत. तिला कागदाची गरज पडली नाही. युरोपातील वृंदगानात चार निरनिराळ्या स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात. त्या लिहिल्यावाचून सांभाळणे कठीण, म्हणून तेथे लिहिण्याची सवय जडली. या सवयीचा लाभ किती दूरवर पोहोचतो, हे युक्रेनच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

मिकोला लिओन्टोविच या संगीतकाराने एका लोकगीताच्या इवल्याशा सुरावटीवर 'श्चेद्रिक' हे वृंदगीत रचले. १९१६ मध्ये ते कीव्ह येथे प्रथम गायिले गेले. १९१९ मध्ये, जगाने आपल्याला स्वतंत्र राष्ट्र म्हणून ओळखावे या हेतूने, नवजात युक्रेनी प्रजासत्ताकाने ओलेक्झांडर कोशेट्झ यांचा गायकवृंद युरोपात धाडला. राजदूतांऐवजी गवई पाठविण्याची ही कल्पना भाबडी वाटेल. प्रजासत्ताक टिकले नाही. १९२१ च्या जानेवारीत लिओन्टोविच यांना सोव्हिएट गुप्त पोलिसांच्या हस्तकाने गोळी घातली. गीत मात्र १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोहोचले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले, तेव्हा लिसेन्को यांचे १८८५ मधील प्रार्थनागीत परदेशांतील गायकवृंद गाऊ लागले. स्वरलेखन तयार होते. ते हाती पडताच अनोळखी माणसांनाही गाता आले.

साधनांचा अभाव आपल्याकडेही नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांत कोंडलेल्या चिजा मोठ्या खटपटीने मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या. तीच लिपी भजनाच्या चालीला पुरेशी आहे. वाडीवरच्या गाण्यातील हेलकावे तीत नेमके बसणार नाहीत, हा आक्षेप खरा. तेथे ध्वनिमुद्रण जोडीला हवे. आज मोबाइल घरोघर आहे. परंतु नुसते ध्वनिमुद्रण ऐकण्याच्या कामी येते, शिकविण्याच्या कामी स्वरलेखन येते. शिवाय कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी गायिले याची नोंद नसलेले ध्वनिमुद्रण वर्षभरात निरर्थक होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर लिहिण्याचा खर्च एकदाच येतो, आणि पुढे कितीही जणांना वाटले तरी मूळ धन्याचे काही उणे होत नाही.

उणे होते ते नाव. 'श्चेद्रिक' हे वस्तुतः घरधन्याला भरभराटीची वार्ता देणाऱ्या पाकोळीचे गीत. १९३६ मध्ये अमेरिकेत पीटर विल्हौस्की यांनी त्यावर घंटानादाचे इंग्रजी शब्द बसविले, आणि ते नाताळचे गाणे झाले. ते गाणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचे युक्रेनी मूळ ठाऊकही नसते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. त्या वाडीची गाणी कोणी टिपून ठेवली होती काय, हा प्रश्न मदतकार्याच्या धावपळीत विचारणे अमानुषपणाचे ठरले असते. तो आधी, निवांत दिवसांत विचारावयाचा असतो. आणि तो विचारण्यास प्राथमिक शाळेतील शिक्षक व वाडीवरून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी यांच्याइतके जवळचे दुसरे कोण आहे? विद्यार्थ्याने आजीची संमती घेऊन तिचे एक गाणे उतरवावे, वर तिचे व वाडीचे नाव घालावे. शेजारच्या वाडीत तेच गाणे निराळ्या चालीवर म्हणत असतील, तर शुद्ध कोणते या वादात न पडता दोन्ही चाली लिहाव्यात.